हॉल तयार, पेपर तयार, फक्त फलक कोरा!

सोमवार, २० ऑक्टोबर २०२५. नरक चतुर्दशी. पहाटेचं अभ्यंगस्नान, कारिटं फोडणं, फराळाचं ताट, सगळं आटोपून दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अनेकांनी निवांत फोन हातात घेतला आणि काहीच चालेना. स्नॅपचॅटवर रांगोळीचा फोटो जाईना. ड्युओलिंगो उघडेना, म्हणजे शंभर-दोनशे दिवस जपलेल्या स्ट्रीकचं काय होणार ही धाकधूक. कॅनव्हावर दिवाळी पहाटेचं पोस्टर अर्धवट अडकलेलं. पर्प्लेक्सिटीला विचारावं तर तेही गप्प. मग आपण सगळे जे करतो तेच केलं. वायफाय बंद-चालू केलं, फोन रिस्टार्ट केला, डेटा पॅक संपला का ते पाहिलं. घरात कोणीतरी म्हणालंच असेल, ‘दिवसभर मोबाइल वापरता, मग असंच होणार!’

दोष फोनचा नव्हता, नेटचाही नव्हता. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागात अॅमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे एडब्ल्यूएसचा, सगळ्यात जुना आणि गजबजलेला पसारा आहे. तंत्रज्ञ त्याला ‘यूएस-ईस्ट-वन’ म्हणतात. तिथल्या डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेसचा पत्ता इंटरनेटच्या वहीतून पुसला गेला होता. डेटाबेस शाबूत, त्यातली माहिती शाबूत, मशिनं चालू. फक्त तिथं पोहोचायचं कसं, हे कुणालाच सापडत नव्हतं. रोबलॉक्स, फोर्टनाइट, सिग्नल, कॉइनबेस, ब्रिटनमधल्या बँका, घरातली अलेक्सा असं सगळं एका ओळीत आडवं झालं. ‘एट स्लीप’ कंपनीचे तापमान बदलणारे महागडे ‘स्मार्ट’ बेडही अडकले, कारण गादी गरम करायची की गार, हेसुद्धा क्लाउडला विचारून ठरत होतं! सेवा बंद पडल्याच्या तक्रारी मोजणाऱ्या डाउनडिटेक्टरकडे साठहून जास्त देशांतून १ कोटी ७० लाखांवर नोंदी आल्या.

या घटनेवर तेव्हा मीम्स भरपूर आली. ‘आज इंटरनेटलाही दिवाळीची सुट्टी’ वगैरे. पण ज्या गोष्टीमुळे हे झालं, तिचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. आपण ती रोज वापरतो, दिवसातून शेकडो वेळा. म्हणून जरा खोलात जाऊ या.

कार्टमधून सुरू झालेली गोष्ट

डायनॅमोडीबीचं मूळ २००४ च्या डिसेंबरमध्ये आहे. ख्रिसमसच्या खरेदीच्या गर्दीत अॅमेझॉनचे तेव्हाचे डेटाबेस धापा टाकू लागले. दुकानाला गर्दी झाली आणि गल्लाच अडकला, अशातली गत. तिथल्या इंजिनीअर मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला. आपल्या बहुतेक कामांना एवढा भारदस्त, सगळी नाती-गोती सांभाळणारा डेटाबेस लागतो तरी का? ग्राहकाचा नंबर दिला की त्याची कार्ट परत मिळावी, एवढंच तर हवंय. यातून ‘डायनॅमो’ तयार झाला आणि २००७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही वाचायला सांगतात. लेखकांमध्ये वर्नर व्होगल्स यांच्याबरोबर स्वामिनाथन शिवसुब्रमणियन आणि अविनाश लक्ष्मण ही नावंही आहेत. लक्ष्मण पुढे फेसबुकमध्ये गेले आणि तिथं प्रशांत मलिक यांच्यासोबत त्यांनी ‘कसँड्रा’ हा दुसरा गाजलेला डेटाबेस बांधला. जानेवारी २०१२ मध्ये अॅमेझॉनने डायनॅमोचे धडे घेऊन बनवलेला डायनॅमोडीबी बाहेरच्या जगाला भाड्याने द्यायला सुरुवात केली.

तो चालतो कसा? दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा आठवा. लाखो मुलं असतात, पण तुम्हाला तुमचा वर्ग शोधायला किती वेळ लागतो? बैठक क्रमांक बघायचा, फलकावर अमुक ते अमुक क्रमांक कुठल्या खोलीत ते पाहायचं, खोलीत जाऊन आपल्या बाकावर बसायचं. परीक्षेला शंभर जण असोत की पंधरा लाख, तुम्हाला लागणारा वेळ तोच. मुलं वाढली की बोर्ड खोल्या वाढवतं, केंद्रं वाढवतं. वितरित डेटाबेसचं अगदी हेच. प्रत्येक नोंदीला एक ‘की’ असते, तोच बैठक क्रमांक. त्या की वरून नोंद कुठल्या खोलीत, म्हणजे पार्टिशनमध्ये, हे ठरतं. गर्दी वाढली की खोल्या वाढतात. शिवाय प्रत्येक नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवलेल्या असतात. एक इमारत अंधारात गेली तरी काम थांबत नाही.

मग वेग किती मिळतो? विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या वेळेला लेटन्सी म्हणतात. डायनॅमोडीबीत ती साधारण दहा मिलिसेकंदांच्या आत असते. पापणी लवायलाच शंभरेक मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात दहा वेळा विचारून उत्तर घेऊन होईल. आणि हा वेग एकाच माणसासाठी नाही. २०२१ च्या प्राइम डेला या डेटाबेसने सेकंदाला कमाल ८ कोटी ९२ लाख विनंत्या झेलल्या, तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, १४ कोटी ६० लाख. आपल्याकडे झोमॅटोने बिलिंगची यंत्रणा दुसऱ्या एका वितरित डेटाबेसवरून डायनॅमोडीबीवर हलवली, तेव्हा खर्च निम्म्यावर आला आणि काम चौपट झालं, असं कंपनीनेच जाहीर केलं.

हे सगळं खरं आहे, हे आधी मान्य करायला हवं. ‘क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कम्प्युटर, त्यात काय एवढं’ असं म्हणणारी मंडळी असतात. पण त्या दुसऱ्याच्या कम्प्युटरवर जे मिळतं ते आपल्या कम्प्युटरवर उभं करायला किती माणसं, किती पैसा आणि किती जागरणं लागतात, हे एकदा करून बघावं. मी करून बघितलंय, म्हणजे उलट बाजूने.

गॅदरिंगचं मतदान

शेवटच्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मतदानाचं अॅप बनवलं होतं. बँड स्पर्धा, पाच बँड, प्रेक्षकांनी फोनवरून मत द्यायचं, आकडे स्टेजमागच्या पडद्यावर पळताना दिसायचे. डेटाबेस क्लाउडवरचा, याच जातकुळीतला, फुकटच्या मर्यादेत बसवलेला. होस्टेलच्या खोलीत चाचणी केली तर सुसाट. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या, चहा मागवला.

प्रत्यक्ष दिवशी चौथा बँड स्टेजवर आला. तो आमच्याच कॉलेजचा, लाडका. अख्ख्या हॉलने एकदम बटण दाबलं आणि पडद्यावरचा आकडा गोठला. बाकीच्या चार बँडचे आकडे हलत होते, याचाच नाही. दोन मिनिटांत हॉलमध्ये ‘चीटिंग, चीटिंग’ सुरू झालं. निवेदकाने वेळ मारून न्यायला शायरी सुरू केली, त्यामुळे परिस्थिती आणखी बिघडली. शेवटी हात वर करून मोजणी झाली. बँड जिंकला, आमची मात्र महिनाभर टर उडाली.

चूक डेटाबेसची नव्हती. आम्ही प्रत्येक बँडची सगळी मतं एकाच नोंदीत मोजत होतो. म्हणजे शंभर खोल्यांचं परीक्षा केंद्र घेऊन सगळ्या मुलांना एकाच बाकाचा नंबर दिला होता! डेटाबेस कितीही मोठा असला तरी एका खोलीची ताकद ठरलेली असते. डायनॅमोडीबीत एका पार्टिशनला सेकंदाला साधारण एक हजार छोट्या नोंदी लिहिता येतात, त्यापुढे तो ‘थांबा’ म्हणतो. आमची फुकटची मर्यादा तर त्याच्या कितीतरी खाली होती. याला या धंद्यात ‘हॉट पार्टिशन’ म्हणतात आणि भल्याभल्यांना त्याने घाम फोडलाय. गेमिंगवाल्यांच्या लाडक्या डिस्कॉर्डचंच बघा. त्यांचे अब्जावधी मेसेज कसँड्रावर होते. एखाद्या प्रचंड सर्व्हरवर कुणी ‘@एव्हरीवन’ टाकलं की लाखो लोक एकदम तीच खोली ठोठावणार आणि शेजारच्या खोल्यांतले निरपराध लोकही ताटकळणार. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी सगळा पसारा सिलाडीबीवर हलवला, १७७ मशिनचं काम ७२ मशिनवर आणलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डेटाबेसच्या आधी एक थर बांधला. दहा हजार लोकांनी एकच गोष्ट विचारली तर तो थर डेटाबेसला एकदाच विचारतो आणि उत्तर दहा हजारांना वाटतो.

तर, ‘कितीही वाढवा’ ही जाहिरात खरी असली तरी अर्धीच आहे. खोल्या कितीही वाढतील, पण मुलं त्या खोल्यांत नीट वाटायची जबाबदारी वापरणाऱ्याची.

दोन शिपाई, एक फलक

आता पुन्हा नरक चतुर्दशीच्या दुपारकडे. अॅमेझॉनने नंतर सविस्तर अहवाल दिला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण त्यात व्हायरस नाही, हॅकर नाही, कुणाच्या हातून वायर तुटलेली नाही. परीक्षा केंद्राचीच उपमा पुढे नेतो.

डायनॅमोडीबीच्या दाराशी हजारो मशिनं उभी असतात. ग्राहकांना त्यांतल्या कुठल्या मशिनकडे पाठवायचं हे सतत बदलत राहतं. त्यासाठी एक प्रोग्रॅम नवनवीन तक्ते बनवतो, त्याचं नाव ‘प्लॅनर’. आणि ते तक्ते डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या फलकावर, चिकटवणारे शिपाई म्हणजे ‘एनॅक्टर’. एक शिपाई आजारी पडला तर काम अडू नये म्हणून तीन वेगवेगळ्या इमारतींत तीन स्वतंत्र शिपाई ठेवलेले. विचार चांगलाच होता.

त्या दिवशी एक शिपाई कसल्याशा कारणाने फार रेंगाळला. हातात जुना तक्ता. निघताना त्याने बघितलं होतं की आपलाच तक्ता नवा आहे. पण तो पोहोचेपर्यंत प्लॅनरने कितीतरी नवे तक्ते काढले आणि दुसऱ्या शिपायाने त्यातला ताजा तक्ता चिकटवूनही टाकला. मग त्याने नेहमीप्रमाणे साफसफाई काढली, फार जुने तक्ते फाडून टाकायचे. नेमक्या त्याच वेळी पहिला शिपाई पोहोचला आणि नव्या तक्त्यावर आपला जुना चिकटवून मोकळा झाला. दुसऱ्याने बघितलं, हा तर फारच जुना कागद! फाडला. फलक कोरा.

हॉल उघडे, पेपर छापलेले, पर्यवेक्षक हजर आणि मुलं बाहेर. तक्ता कोरा झाल्यावर यंत्रणा स्वतःहून सावरू शकत नव्हती. माणसांना हात घालावा लागला. आपल्या वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी सुरू झालेला गोंधळ २ वाजून ५५ मिनिटांनी निस्तरला. नंतर अॅमेझॉनने या दोन्ही प्रोग्रॅमचं स्वयंचलित काम जगभर बंद ठेवलं.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढे आहे. डेटाबेस तीन वाजता परत आला, तरी सगळं सुरळीत व्हायला मंगळवारची, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची पहाट उजाडली. साडेतीन वाजले. का? कारण नवे सर्व्हर सुरू करणारी अॅमेझॉनची यंत्रणाही याच डेटाबेसवर टेकलेली. अडीच तासांत तिच्याकडे एवढं काम तुंबलं की ते उपसताना जुनं काम मुदतबाह्य होऊन पुन्हा रांगेत येऊ लागलं. दादर स्टेशनच्या जिन्यावर गर्दीच्या वेळी जे होतं तेच. वाट मोकळी झाली तरी माणूस हलत नाही, कारण सगळेच हलायला बघतात. तक्रार नोंदवायची खिडकीही त्या पावणेतीन तासांत ग्राहकांसाठी अडलेली होती, हा त्यातला आणखी एक खडा.

‘पण मुंबईत त्यांचं वेगळं केंद्र आहे ना?’ असं कुणी विचारेल. आहे, २०१६ पासून, आणि हैदराबादला २०२२ पासून. तिथले डेटाबेस त्या दिवशी चालू होते. तरी काही दोर व्हर्जिनियातच बांधलेले निघाले. उदाहरणार्थ, रेडशिफ्ट या सेवेत जगातल्या कुठल्याही केंद्रातून ठरावीक पद्धतीने लॉग-इन करणाऱ्यांना काही काळ काम करता आलं नाही, कारण वापरकर्ता कुठल्या गटातला हे विचारायला ती सेवा गुपचूप व्हर्जिनियाला फोन लावत होती. अॅमेझॉनने ही आपली चूक असल्याचं मान्यही केलं. डेटा मुंबईत, चावी व्हर्जिनियात! रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा म्हणून बजावलं, तेव्हा आपण सगळे ‘डेटा कुठे आहे’ यावरच वाद घालत होतो. दार उघडायला कुणाला विचारावं लागतं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या फारसा डोक्यात नव्हता.

वेगाची दुसरी बाजू

ही एकटी घटना असती तर सोडून दिली असती. पण २०२५ हे वर्षच तसं गेलं. १२ जूनच्या रात्री गुगल क्लाउड कोसळलं आणि स्पॉटिफाय, डिस्कॉर्ड गप्प झाले. कारण काय, तर कुठल्याशा धोरणाच्या नोंदीत काही रकाने रिकामे राहिले होते आणि रिकामा रकाना वाचणारा कोड ते वाचताना मोडून पडला. ही नोंद गुगलच्या स्पॅनर या जगभर पसरलेल्या डेटाबेसमध्ये पडली आणि काही सेकंदांत सगळ्या खंडांत पोहोचली. डेटाबेसने आपलं काम चोख केलं होतं. जलद आणि सर्वत्र. फक्त जे पोहोचवलं ते खराब होतं. पुढे १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर पडलं, चॅटजीपीटी आणि एक्स दोन्ही एकदम बंद. तिथंही सुरुवात डेटाबेसच्या परवानग्यांमधल्या एका बदलापासून. त्या बदलाने एका यादीत नोंदी दुप्पट झाल्या, फाइल फुगली आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमने मान टाकली. मधल्या काळात २९ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टच्या अॅझूरचाही नंबर लागून गेला होता.

मला यात एक धागा दिसतो. पूर्वी चूक सावकाश पसरायची, कारण माहितीच सावकाश पसरायची. एका शाखेतला गोंधळ दुसऱ्या शाखेत पोहोचेपर्यंत कुणीतरी फोन करून सावध करायचं. आपण लेटन्सी दहा मिलिसेकंदांवर आणली, ती चांगल्या माहितीसाठी आणली, पण वाईट माहितीलाही तोच एक्स्प्रेस-वे मिळाला. म्हणूनच आता या कंपन्या बदल एकदम सगळीकडे न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचं बोलतात, म्हणजे मुद्दाम थोडं हळू व्हायचं. वेग विकणाऱ्यांना ब्रेकचं महत्त्व पटतंय!

यात आपला, म्हणजे वापरणाऱ्यांचाही वाटा असतो. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळलं, तो शनिवार आठवत असेल. ‘पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत’ म्हणून वडापावच्या गाडीपाशी उभे राहिलेले कितीतरी जण तेव्हा पाहिले. एनपीसीआयच्या म्हणण्यानुसार काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचं काय झालं’ हे इतक्या वेळा विचारत सुटल्या की विचारण्याच्या भारानेच यंत्रणा वाकली. त्यानंतर १ ऑगस्टपासून नियम आले. एका अॅपवरून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स पाहता येईल, अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच आणि तीही दीड मिनिटाच्या अंतराने. पन्नास वेळा बॅलन्स कोण बघतं, असं म्हणून हसलो होतो आपण. पण अॅप आपल्या वतीने मागच्या मागे विचारत असतं. अडकलेल्या बटणावर आपण जे पाच-सहा वेळा अंगठा आपटतो, तेच काम हजारो सर्व्हर करतात तेव्हा त्याला वादळ म्हणतात.

मग क्लाउड सोडायचं?

‘आपला डेटाबेस आपल्या तळघरात’ असा एक सूर अशा प्रत्येक घटनेनंतर निघतो. मला तो पटत नाही. २१ मे २०२५ आठवा. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यासाठी सुरू व्हायचे होते आणि पहिल्याच दिवशी पोर्टल झोपलं. नोंदणी २६ तारखेपर्यंत पुढे ढकलावी लागली. पाच दिवस! मुलं सायबर कॅफेत, पालक हेल्पलाइनवर. जगभर गाजलेला अॅमेझॉनचा गोंधळ पंधरा तासांत आटोपला होता. गर्दी येणार हे माहीत असून गर्दीची तयारी नसणं, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्याच्या बातम्याही आतल्या पानावर जातात. निकालाच्या दिवशी, तत्काळच्या दहा वाजता, स्पर्धा परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या रात्री जे गोल गोल फिरणारं चक्र दिसतं, त्याच्यावरचा उपाय वितरित डेटाबेसच आहे. तो नाकारण्यात शहाणपणा नाही.

भांडायचं असेल तर ते पैशांवर आणि जबाबदारीवर भांडावं. डायनॅमोडीबीच्या करारात महिन्यातला ९९.९९ टक्के वेळ सेवा चालू राहील, असं वचन आहे. म्हणजे महिन्याला जेमतेम साडेचार मिनिटं बंद राहायची मुभा. पावणेतीन तास बंद राहिलं तर ढोबळ हिशेबाने ते ९९.६ टक्क्यांवर येतं आणि करारानुसार ग्राहक कंपनीला त्या सेवेच्या महिन्याच्या बिलातले दहा टक्के परत मिळू शकतात, तेही पुढच्या बिलात वळते. रोख नाही. आणि ज्याचं अॅप बंद होतं त्या वापरकर्त्याला? शून्य. समजा, तुमच्या ऑनलाइन मुलाखतीचा दुवा त्या अडीच तासांत उघडला नाही, किंवा अर्जाची मुदत त्यातच संपली, तर तुमचा करार क्लाउड कंपनीशी नसतोच. तुमचा करार अॅपशी, अॅपचा करार क्लाउडशी आणि मधल्या फटीत तुम्ही.

अॅपवाल्या कंपन्यांकडे उपाय नाही असं नाही. तोच डेटाबेस दोन-तीन देशांत एकाच वेळी चालवता येतो. पण मग प्रत्येक नोंद दोन-तीन ठिकाणी लिहायची, म्हणजे बिलही त्या पटीत. अॅमेझॉनने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दर बरेच कमी केले, तरी पुण्या-बंगळुरूतल्या पाच माणसांच्या स्टार्टअपला तो हिशेब परवडतोच असं नाही. शिवाय दोन ठिकाणी लिहिलं की दोन्हीकडे एकच गोष्ट एकाच क्षणी खरी असेल याची खात्री देताना वेग कमी होतो. अंतर तर कुणाला चुकलेलं नाही. मुंबई ते व्हर्जिनिया प्रकाशालाही जाऊन यायला वेळ लागतोच. त्यामुळे बँकेचं खातं आणि लाइकचा आकडा यांना एकाच तराजूत तोलायचं कारण नाही. लाइक दोन सेकंद उशिरा दिसला तर कुणाचं अडत नाही. खातं मात्र एकाच ठिकाणी, एकच खरं असायला हवं.

सरकारी पातळीवर युरोपने यात आघाडी घेतली आहे. वित्त क्षेत्रातल्या डिजिटल सुरक्षेचा त्यांचा ‘डोरा’ कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि नोव्हेंबरमध्ये ज्या कंपन्यांवर थेट देखरेख ठेवायची त्यांच्या यादीत अॅमेझॉनच्या क्लाउडचं नाव आलं. ब्रिटनमध्ये तसा अधिकार कायद्याने मिळालेला, पण ऑक्टोबरच्या घटनेपर्यंत एकाही कंपनीला त्यात घेतलं नव्हतं आणि त्यावरून तिथल्या संसदीय समितीने सरकारला जाब विचारला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे क्लाउडसह आयटीची कामं बाहेर देण्याबाबतचे नियम ऑक्टोबर २०२३ पासून आहेत, पण ते बँका आणि वित्तसंस्थांपुरते. शिकण्याच्या अॅपना, नोकरीच्या पोर्टलना, खासगी परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांना ते लागू नाहीत. आपल्या वयाच्या मुला-मुलींचं आयुष्य ज्या खिडक्यांवर अडतं, नेमक्या त्याच या खिडक्या आहेत. निदान दोन गोष्टी तरी सक्तीच्या असाव्यात असं मला वाटतं. यंत्रणा बंद होती तेवढा वेळ मुदत आपोआप वाढावी. आणि अडचण आमच्याकडे आहे, तुमचा अर्ज इथपर्यंत सेव्ह झालाय, हे स्क्रीनवर स्पष्ट लिहून यावं. ‘समथिंग वेंट राँग’ एवढंच वाचून माणूस आपलंच वायफाय बदडत बसतो.

तशी पाटी लावायला वेगळा डेटाबेस लागत नाही. मात्र ती पाटी त्याच क्लाउडवर ठेवून चालत नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

परवा कॉलेजच्या ज्युनियरचा फोन आला होता. यंदाही बँड स्पर्धा, यंदाही मतदान, आमचाच जुना कोड शोधून काढलेला. म्हटलं, बाबांनो, प्रत्येक बँडची मतं एका नोंदीत ठेवू नका. दहा नोंदी करा, येईल तसं मत कुठल्याही एकीत टाका आणि पडद्यावर दाखवताना बेरीज घ्या. आकडा सेकंदभर मागे असेल, असू दे. त्यांनी तसंच केलं. रात्री मेसेज आला, ‘दादा, मतं एकदाही अडकली नाहीत. हॉलचं वायफाय मात्र पाचव्या मिनिटाला गेलं.’